लागर बिअरची परंपरा आणि मोहाचं झाड



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून दोघा-तिघांचे फोन आले. एकांनी तर सरळ विचारलं, "सर, तुम्ही आणि बिअर?" तर आधीच सांगून टाकतो, आम्ही घेत नाही. घरचं वळण वारकरी, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर नवीन काही सुरू करण्यात अर्थ नाही. पण ज्या वस्तूची चव घेतली नाही तिच्याविषयी बोलू नये, असा नियम तत्त्वज्ञानात नाही. तसा असता तर आम्हाला इतकी वर्षं ब्रह्मावर शिकवताच आलं नसतं.

झालं असं की आमचा एक जुना विद्यार्थी, मूळचा दर्यापूर तालुक्यातला, नोकरीनिमित्त योकोहामात असतो. दिवाळीत त्याने एका बाटलीचा फोटो पाठवला. किरीन कंपनीची 'क्लासिक लागर'. खाली त्याने लिहिलं होतं: "सर, इथले वयस्कर लोक म्हणतात की ही आमची जुनी, पारंपरिक बिअर. पण बिअर तर जर्मनांची. मग ती यांची परंपरा कशी झाली? आणि झाली असेल, तर आपल्या मेळघाटातल्या मोहाच्या दारूला आपण परंपरा का म्हणत नाही, हातभट्टी का म्हणतो?"

प्रश्न चांगला होता. आम्ही त्याला दोन ओळींत उत्तर लिहायला बसलो, आणि लक्षात आलं की आम्हाला उत्तर येत नाही. मग वाचायला घेतलं. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो आहोत.

आधी लागर म्हणजे काय ते समजून घेऊ. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, ते वाळवायचे. याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात कालवलं की त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. त्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं. कडूपणा येतो तो त्या फुलांचा. मग गार करून यीस्ट घालायचं. इथपर्यंत सगळी बिअर सारखीच. फरक पुढे पडतो. काही यीस्ट उबेत काम करतं, काही थंडीत. लागरचं यीस्ट थंडीतलं, साधारण ८ ते १३ अंशांत हळूहळू काम करणारं आणि शेवटी तळाशी बसणारं. त्यानंतर ती बिअर गोठणबिंदूच्या आसपास कित्येक आठवडे नुसती ठेवून द्यायची. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवून ठेवणं. नाव त्यावरूनच आलं. आपल्याकडे लोणचं मुरतं म्हणतो ना, तसं हे मुरणं. फक्त लोणचं माळ्यावर मुरतं आणि ही बर्फात.

आज जगभर 'बिअर' म्हटल्यावर जे सोनेरी, पारदर्शक पेय डोळ्यांसमोर येतं, ते मात्र फार जुनं नाही. ते १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सन गावी योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिराने पहिल्यांदा केलं. पिल्सनचं पाणी विलक्षण मृदू आहे, क्षार जवळजवळ नाहीतच, आणि त्या बिअरचा हलकेपणा त्या पाण्यातून आला असं जाणकार सांगतात. हे वाचताना आम्हाला आपला खारपाणपट्टा आठवला. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत गावंच्या गावं अशी आहेत की विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या माणसाला पाण्याचा स्वभाव काय असतो हे कुणी शिकवावं लागत नाही.

पुढच्या चाळीस वर्षांत या बिअरला विज्ञानाची जोड मिळाली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने यांत्रिक शीतकरण आणलं, म्हणजे नैसर्गिक बर्फावर अवलंबून राहण्याची गरज संपली. १८७६ साली लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ आला. ती नासते का आणि हलकी उष्णता दिली तर टिकते कशी, हे त्याने दाखवलं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन याने यीस्टची शुद्ध जात वेगळी काढली. म्हणजे बघा, जिला आपण 'पारंपरिक लागर' म्हणतो, ती प्रयोगशाळेत वाढलेली आहे. ती आगगाडीची आणि तारायंत्राची समकालीन आहे.

आता जपान. १८७० साली योकोहामा बंदरात विल्यम कोपलंड याने 'स्प्रिंग व्हॅली' नावाची ब्रुअरी काढली. हा गृहस्थ जन्माने नॉर्वेचा, नागरिकत्वाने अमेरिकन. गिऱ्हाईक मुख्यतः बंदरातले परदेशी. त्याचा धंदा पुढे बसला. त्याच जागी १८८५ साली 'जपान ब्रुअरी कंपनी' उभी राहिली. तिची नोंदणी हाँगकाँगमध्ये, चालवणारे परदेशी व्यापारी, बिअर करणारे जर्मन तज्ज्ञ. १८८८ साली या कंपनीने जी बिअर बाजारात आणली तिचं नाव 'किरीन'. किरीन हा पुराणकथेतला प्राणी, आणि ती पुराणकथाही मूळची चीनची! १९०७ साली ही कंपनी जपानी मालकीची झाली, मित्सुबिशी घराण्याशी संबंधित मंडळींच्या पुढाकाराने.

उत्तरेला होक्काइदो बेटावर वेगळी गोष्ट घडत होती. तिथे सरकारने वसाहत वसवण्यासाठी एक खातं काढलं होतं, 'काइताकुशी'. या खात्याने १८७६ साली साप्पोरोला ब्रुअरी उघडली. बिअर करणारा होता नाकागावा सेइबेई. तो तरुणपणी जर्मनीला गेला आणि बर्लिनजवळच्या एका ब्रुअरीत दोन वर्षं राबून ही विद्या शिकून आला. ब्रुअरी आधी टोकियोत काढायचं ठरत होतं. मुराहाशी हिसानारी नावाच्या अधिकाऱ्याने आग्रह धरला की बर्फ उत्तरेत, जव आणि हॉप्सचं पीकही उत्तरेत, तर कारखाना उत्तरेतच हवा. त्याचं म्हणणं मान्य झालं. 'साप्पोरो' नाव आजही चालू आहे, बाटलीवरचा ताराही त्या खात्याच्या झेंड्यावरचा.

इथे आम्हाला एक धागा सापडला, तो थेट आपल्या वऱ्हाडात येतो.

साप्पोरोची ती सरकारी ब्रुअरी १८८० च्या दशकात खाजगी हातांत गेली. घेणाऱ्यांत एक नाव होतं शिबुसावा एइइची. आधुनिक जपानी उद्योगाचा हा जनक. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्याचंच चित्र आहे. याच शिबुसावाने १८८२ साली ओसाकाची मोठी सूतगिरणी उभी केली होती. गिरणीला कापूस हवा होता, आणि तो स्वस्त हवा होता. हिंदुस्थानचा कापूस मुंबईहून जायचा, पण त्या मार्गावर पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचा दर फार. तेव्हा १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावाला भेटले, आणि त्याच वर्षी निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीची मुंबई ते जपान अशी थेट जहाजं सुरू झाली.

त्या जहाजांत काय भरलेलं असायचं? कापूस. आणि त्या काळी मुंबईच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला कोणत्या नावाने ओळखत? 'उमरा'. म्हणजे उमरावती, आपली अमरावती. १८७० साली खामगावला रेल्वेची शाखा पोचली, पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला. १८७० म्हणजे कोपलंडने योकोहामात भट्टी पेटवली तेच वर्ष. आपला आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्यांना मिसळणीसाठी सोयीचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक झाला. १९३३ साली आयातकराच्या भांडणातून जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, तेव्हा ती कळ इथल्या बांधापर्यंत आली.

सांगायचा मुद्दा एवढाच. ओसाकातला गिरणी कामगार संध्याकाळी जी बिअर पिऊ लागला, ती ज्या औद्योगिक जगातून आली त्याच जगाचं दुसरं टोक खामगावच्या कापूसबाजारात होतं. एकच माणूस इकडे आपला कापूस नेत होता आणि तिकडे बिअरमध्ये पैसा घालत होता. आपण या गोष्टीचे त्रयस्थ प्रेक्षक नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. 'क्लासिक लागर'मधलं क्लासिक काय?

किरीनच्या लागरचा प्रवास बघू. १९०६ साली साप्पोरो, एबिसू आणि आसाही या तीन बिअरांच्या कंपन्या एकत्र होऊन 'दाय निप्पोन' ही प्रचंड कंपनी झाली. किरीन बाहेर राहिली. मग महायुद्ध. १९४३ पासून सरकारने सगळ्या बिअरांची नावंच काढून टाकली. बाटलीवर नुसतं 'बिअर' एवढंच, कोणत्याही कंपनीची असो. हे १९४९ पर्यंत चाललं. त्याच वर्षी मक्तेदारी मोडण्याच्या कायद्याने 'दाय निप्पोन'चे दोन तुकडे झाले. त्यानंतर किरीनचे सोन्याचे दिवस आले. १९७० च्या दशकात जपानमधली निम्म्याहून कितीतरी जास्त बिअर, साठ टक्क्यांच्या वर, एकट्या किरीनची होती. ही बिअर बाटलीत भरल्यावर उष्णता देऊन टिकाऊ केलेली असे. पाश्चरची पद्धत. चव भारदस्त, कडू.

मग गाळणीचं तंत्र सुधारलं. उष्णता न देता नुसतं बारीक गाळून बिअर टिकवता येऊ लागली. तिला तिकडे 'नामा' म्हणतात, म्हणजे कच्ची, ताजी. १९८७ साली आसाही कंपनीने 'सुपर ड्राय' आणली, हलकी, कोरडी, आणि बाजार फिरला. किरीनने काही वर्षं तग धरला, पण १९९६ साली तिनेही आपली लागर 'नामा' केली. त्यावर जुने गिऱ्हाईक नाराज झाले. आमची लागर ती ही नव्हे, असं म्हणू लागले. तेव्हा कंपनीने उष्णता दिलेली जुनी बिअर वेगळ्या नावाने ठेवली. २००१ पासून ती 'क्लासिक लागर' म्हणून मिळते.

आता गंमत ऐका. कंपनी जेव्हा म्हणते की ही जुनी चव आहे, तेव्हा तिच्या मनात कोणतं साल असतं? १८८८? नाही. ती म्हणते, ही १९६५ च्या सुमाराची चव. आणि बाटलीवर घटक लिहिलेले असतात: माल्ट, हॉप्स, तांदूळ, मका, स्टार्च. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात बिअरला जव, हॉप्स आणि पाणी एवढंच चालेल असं म्हटलेलं होतं. त्या निकषावर ही बिअर नापास. पण तांदूळ आला, चव हलकी झाली, आणि जपानी जेवणाशी ती जुळली. म्हणजे जर्मन परंपरेशी जी फारकत झाली, तीच जपानी परंपरा ठरली.

तर मग परंपरा कशाला म्हणायचं? १९८३ साली हॉब्सबॉम आणि रेंजर या इतिहासकारांनी एक ग्रंथ संपादित केला. त्याचं म्हणणं असं की पुष्कळशा परंपरा अलीकडे मुद्दाम घडवलेल्या असतात आणि त्यांना जुनेपणाचा मुलामा दिलेला असतो. आमचे काही मित्र लगेच म्हणतील, झालं तर, हा सगळा जाहिरातीचा खेळ. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन राजाला दिव्याचा दाखला देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, आणि निराळी आहे असंही म्हणता येत नाही. एकीच्या आधाराने दुसरी जळत आली. परंपरेचं तसंच आहे. तेल बदलतं, वात बदलते. कुणीतरी ती कुणाकडून तरी घेतली आणि पुढे दिली, हे महत्त्वाचं. नाकागावाने जर्मनाकडून घेतली, पुढच्यांना दिली. १९९६ साली जो म्हातारा गिऱ्हाईक म्हणाला "ही ती नव्हे", त्याच्यापाशी ओळख होती. आमच्या न्यायशास्त्रात ज्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात ती. जिथे 'ही तीच' आणि 'ही ती नव्हे' असं म्हणू शकणारी माणसं आहेत, तिथे परंपरा आहे. मग ती दीडशे वर्षांची असो की पन्नास.

एवढ्यावर व्याख्यान संपवता आलं असतं, आणि विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही झालं असतं. पण त्याचा दुसरा प्रश्न राहिला होता. मोहाच्या दारूला आपण परंपरा का म्हणत नाही?

त्याचं उत्तरही आम्हाला आधी जपानमध्येच सापडलं. जपानी शेतकरी घरोघरी तांदळाची एक दुधट, न गाळलेली दारू करत, तिला 'दोबुरोकु' म्हणतात. सणावाराला, देवाला, लावणीच्या वेळी. १८९९ साली सरकारने घरी दारू गाळण्यावर पूर्ण बंदी घातली. कारण आरोग्याचं नव्हतं, तिजोरीचं होतं. त्या सुमारास दारूवरचा कर हे जपान सरकारच्या करउत्पन्नाचं सर्वांत मोठं साधन होतं, जमीनमहसुलाहूनही मोठं. घरची दारू म्हणजे बुडालेला कर. होक्काइदोत तर मूळचे आइनू लोक राहत. त्यांची 'तोनोतो' नावाची धान्याची दारू त्यांच्या देवपूजेचाच भाग होती. ज्या खात्याने त्यांच्या भूमीवर वसाहत केली, त्याच खात्याने तिथे ब्रुअरी उघडली. आणि पुढे आइनूंनी आपल्या देवासाठी घरी दारू करणं हा गुन्हा झाला. जी दारू कारखान्यात झाली, जिला शिक्का आणि कर लागला, ती देशाची परंपरा झाली. जी चुलीवर झाली ती चोरटी ठरली. शंभर वर्षांनी, २००२-०३ नंतर, काही ठरावीक प्रदेशांत शेतकऱ्यांना परवाना घेऊन दोबुरोकु करायची मुभा मिळाली.

आता हे चित्र उचला आणि चिखलदरा-धारणीवर ठेवा.

मोहाचं झाड तुम्हाला माहीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, पिवळसर, रसाळ. कोरकू बाया आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. फुलं वाळवून ठेवली की वर्षभर पुरतात. भाकरीत घालतात, गुरांना देतात, विकतात. बियांचं तेल निघतं. आणि भिजवून, आंबवून, मडक्यात उकळून, वाफ गार करून दारूही निघते. जन्म, लग्न, मृत्यू, देवाचा मान, यांत तिची जागा ठरलेली.

इंग्रजांना यात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. १८९२ साली तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती फुलं बाळगण्यावरच निर्बंध घातले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं, पण मुंबई इलाख्यात नव्हतं, त्यामुळे इथली कायद्याची वाट वेगळी. धोरण मात्र तेच: गावच्या भट्ट्या बंद करायच्या, दारू ठेकेदाराच्या मोठ्या भट्टीतून यावी आणि सरकारला कर मिळावा. शिवाय १८६० च्या दशकापासून मेळघाटचं जंगल राखीव होत गेलं. झाड सरकारचं, फूल सरकारचं, भट्टी ठेकेदाराची. कोरकूकडे उरली फक्त सवय, आणि ती आता पैसे मोजून भागवायची.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात गेल्यावर पुढे तो इकडेही आला. त्या कायद्यात मोहाच्या फुलांवर स्वतंत्र बंधनं होती. गंमत म्हणजे कायद्याचं नाव आजही दारूबंदीचंच आहे. परमिट रूमचा परवाना मिळतो तो दारूबंदीच्या कायद्याखाली! दुकानात विदेशी मद्य आणि देशी दारू असे दोन वर्ग. अमरावतीच्या एखाद्या परमिट रूममध्ये कुणी जी थंडगार बिअर मागवतो, ती आपल्याच राज्यात आपल्याच पाण्याने केलेली असली तरी कायद्याच्या भाषेत विदेशी मद्याच्या पंगतीला बसते. आणि जातीने ती लागरच, पिल्सनची दूरची नात.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरची बंधनं उठवली. ही चांगली गोष्ट झाली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, मंत्रिमंडळाने ठरवलं की काजूबोंड आणि मोहफुलं यांपासून केलेल्या मद्याला 'देशी'तून काढून 'विदेशी मद्य' या वर्गात घालायचं. हेतू असा की त्याला चांगला भाव आणि प्रतिष्ठा मिळावी. हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण क्षणभर थांबून विचार करा. या मातीत उगवलेल्या झाडाच्या फुलाला मान मिळण्यासाठी आधी विदेशी व्हावं लागलं. योकोहामात परदेशी बिअर जपानी झाली, आणि इकडे धारणीचा मोह कागदावर परदेशी झाला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नाम आणि वस्तू यांच्या संबंधावर तासन्‌तास बोलायचो. त्याला इतकं चपखल उदाहरण तेव्हा मिळालं नव्हतं.

इथे एक कबुली देतो. १९८० च्या आसपास, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर घेऊन धारणी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. मुलांनी रस्ता दुरुस्त केला, आणि संध्याकाळी आम्ही गावकऱ्यांना व्यसनमुक्तीवर व्याख्यान दिलं. छान झालं असं आम्हाला वाटलं. सगळे उठून गेल्यावर एक वृद्ध कोरकू गृहस्थ मागे थांबले. त्यांनी शांतपणे विचारलं, "गुरुजी, मंग देवाले काय चढवू?" आम्ही म्हणालो, नारळ चढवा. ते म्हणाले, "नारळ इकडं होत नाय जी." आणि निघून गेले. तेव्हा आम्ही मनात त्यांना अडाणी म्हटलं. आज वाटतं, आमच्या तासाभराच्या भाषणात जे नव्हतं ते त्यांच्या एका वाक्यात होतं. आम्ही त्यांना दारू सोडा म्हणत नव्हतो, आमचा देव घ्या म्हणत होतो.

पण मंडळी, याच्यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की परंपरा आहे म्हणून दारू चांगली, तर ते आम्हाला मुळीच मान्य नाही. आणि ते का, हे सांगणारा माणूस आपल्याच मातीतला आहे.

साप्पोरोची ब्रुअरी उघडली २३ सप्टेंबर १८७६ रोजी. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावात परीट समाजातल्या झिंगराजींच्या घरी मुलगा झाला. डेबूजी. पुढचे संत गाडगेबाबा. झिंगराजी दारूपायी गेले. लहानगा डेबू आईबरोबर मामाकडे दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यात, वाढला. मोठा झाल्यावर त्याला मूल झालं. बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची हा जातीचा रिवाज, म्हणजे परंपराच. डेबूजीने ती मोडली आणि गोड जेवण घातलं. लोक रागावले. त्याने ऐकलं नाही. पुढे आयुष्यभर हाती खराटा घेऊन गावं झाडली आणि रात्री कीर्तनात दारूवर कोरडे ओढले.

गाडगेबाबांना कुणी सांगितलं असतं की ही आपली परंपरा आहे, तर बाबांनी विचारलं असतं की मग पोराच्या ताटात भाकर का नाही? त्यांचा प्रश्न जुनं की नवं हा नव्हता. या वस्तूने कुणाचं घर बसलं, हा होता. आमच्या शास्त्रात सांगतात की 'असं आहे' यावरून 'असं असावं' हे निघत नाही. पाश्चात्त्यांत डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात हा मुद्दा मांडला. बाबांनी तो ह्यूम न वाचता बारशाच्या पंगतीत मांडला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचंही तेच. मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव व्यसनमुक्तीचा प्रचार झाला. हे महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते. तिथे खंजिरीवरचं भजन जपानी श्रोत्यांनी ऐकलं. वऱ्हाडातून जपानला फक्त कापूसच गेला असं नाही!

म्हणजे आता आमच्यासमोर दोन वृद्ध उभे आहेत. एक धारणीचे, देवाला काय चढवू विचारणारे. दुसरे गाडगेबाबा, पोराच्या ताटात काय आहे विचारणारे. चाळीस वर्षांपूर्वी आम्हाला वाटायचं की यांतला एकच बरोबर असू शकतो. आज तसं वाटत नाही. दोघेही एकच गोष्ट सांगत होते, की निर्णय त्या घराचा आहे, त्या गावाचा आहे. बाबांनी दारू सोडली ती आपल्या घरात, आपल्या जातीच्या पंगतीत, आपल्या माणसांचा राग झेलून. ठेकेदाराला किंवा अबकारी खात्याला विचारून नव्हे. आजही महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मतदान मागतात, उभी बाटली की आडवी बाटली. ती लढाई आम्हाला गाडगेबाबांच्या बारशाची थेट वारसदार वाटते. आणि मोहाच्या फुलावर कोरकूचा हक्क मागणं ही त्या लढाईच्या विरुद्ध बाजूची गोष्ट नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने आपल्या जंगलातली सीताफळं स्वतः विकली. फूल ज्याचं, त्याने ठरवावं की त्याचा लाडू करायचा, तेल काढायचं, की भट्टी लावायची. आणि त्याच घरातल्या बाईलाही ठरवता यावं की भट्टी नको.

तर विद्यार्थ्याला आम्ही शेवटी काय लिहिलं? कुठलीही जुनी वस्तू समोर आली की तीन प्रश्न विचार. पहिला, ही खरंच कुणाकडून कुणाकडे आली आहे का, आणि 'ही तीच' म्हणणारी माणसं आहेत का? किरीनची लागर या प्रश्नात पास होते, मोहही होतो. दुसरा, हिला परंपरा म्हणायचा अधिकार कुणी दिला, आणि तो देताना कुणाचं मडकं फोडलं? इथे लागरला दोबुरोकुचं आणि तोनोतोचं देणं लागतं, आणि आपल्याला मेळघाटचं. तिसरा, ही चालू ठेवावी का? याचं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांतून निघत नाही. ते ज्याच्या घरात ती वस्तू आहे त्याने, ताटात काय आहे ते बघून द्यायचं.

त्याचं उत्तर आलं, "सर, बाटली उघडली होती, प्यायलोही. चव कडू होती. पण आता मोहाचं झाड डोळ्यांपुढून जात नाही." आम्ही त्याला कळवलं, एप्रिलमध्ये सुट्टी मिळाली तर ये. पहाटे लवकर निघू, परतवाड्याहून सेमाडोहच्या रस्त्याला लागू. फुलं पडायची वेळ असेल. गोळा करणाऱ्या बायांना आधी विचारू, आणि त्या हो म्हणाल्या तरच झाडाखाली बसू.